बाहेरून कडी

ऑगस्ट उजाडतो, दोन महिन्यांची मासेमारीबंदी संपते आणि रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरची इंजिने पुन्हा धडधडू लागतात. त्या आठवड्यात जेटीवर उभे राहिले की कानावर पडणाऱ्या बोलण्यात कोकणीइतकीच नेपाळीही असते. बर्फ फोडणारे, जाळी सांधणारे, डिझेलची पिंपे लोटणारे हे खलाशी बहुतेक पश्चिम नेपाळातल्या जिल्ह्यांतून आलेले असतात आणि त्यांच्यापैकी अनेकांनी आयुष्यातला पहिला समुद्र याच जेटीवरून पाहिलेला असतो. ज्या देशाला समुद्रच नाही त्या देशाची माणसे आमच्या समुद्रावर पोट भरतात, ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातले नवल कोणाला जाणवत नाही. मलाही ते फार उशिरा जाणवले.

आमच्या कलमांच्या बागेत गेली बारा-तेरा वर्षे राखणीला जो गृहस्थ येतो, तो कैलाली जिल्ह्यातला, थारू जमातीचा. गावात त्याला सगळे ‘बहादूर’ म्हणतात. त्याचे नाव बहादूर नाही, हे आम्हाला कळायला तीन हंगाम गेले, आणि कळल्यावरही हाक तीच राहिली, हे कबूल केले पाहिजे. त्याचा धाकटा भाऊ मिरकरवाड्यात ट्रॉलरवर आहे. एकदा सहज बोलताना मी म्हणालो, ‘तुमच्याकडे समुद्र नाही, त्याचीच सगळी अडचण.’ त्यावर तो आंब्याच्या पेट्यांना खिळे ठोकता ठोकता, वर न बघताच म्हणाला, ‘काका, समुद्र नाय, पण समुद्राच्या जागी तुम्ही आहात.’ त्यात तक्रार होती की थट्टा, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

समुद्रकिनारा नसलेल्या देशाला आपण मराठीत ‘भूवेष्टित’ म्हणतो, नेपाळीत ‘भूपरिवेष्टित’ म्हणतात. अशा विकसनशील देशांची संयुक्त राष्ट्रांची यादी ३२ नावांची आहे. जगाच्या लोकसंख्येचा सुमारे ७ टक्के भाग या देशांत राहतो आणि जागतिक व्यापारात त्यांचा वाटा जेमतेम १ टक्का आहे. नेपाळला सर्वांत जवळचे बंदर कोलकाता. तिथून वीरगंजच्या सिर्सिया इथल्या कोरड्या बंदरापर्यंत रेल्वेने सुमारे ७०० किलोमीटर. २०१६ पासून विशाखापट्टणमही खुले झाले, पण ते याच्या दुप्पट अंतरावर आहे. समुद्राच्या कायद्याचा १९८२ चा आंतरराष्ट्रीय करार अशा देशांना समुद्रापर्यंत जाण्या-येण्याचा हक्क देतो, आणि त्याच कलमात पुढे सांगतो की हा हक्क कसा वापरायचा त्याच्या अटी वाटेतल्या देशाशी बोलून ठरवायच्या. म्हणजे घर आपले, दारही आपले, पण कडी बाहेरून.

नेपाळ पूर्वीपासून असा कोंडलेला होता, हेही खरे नाही. काठमांडू खोऱ्यातल्या नेवार व्यापाऱ्यांच्या कोठ्या ल्हासामध्ये होत्या. मल्ल राजांच्या काळात तिबेटमध्ये चालणारी चांदीची नाणी काठमांडू खोऱ्यातल्या टांकसाळीत पाडली जात. हिंदुस्थान आणि तिबेट यांच्यातला माल त्या खोऱ्यातून जाई, आणि वाटेवर असणे हीच त्याची श्रीमंती होती. १९०४ मध्ये इंग्रजांनी फौज नेऊन ल्हासाशी तह केला, चुंबी खोऱ्यातून सिक्कीमकडची सोपी वाट रुळली आणि काठमांडूचा मान उतरणीला लागला. डोंगर तेच होते, समुद्र तितक्याच अंतरावर होता. फक्त व्यापाराची वाट दुसरीकडे वळली. पुढे राणा घराण्याच्या अमदानीत देश इतका बंद राहिला की काठमांडूत मोटारी आल्या त्या भीमफेदीहून डोंगर ओलांडून, हमालांच्या खांद्यांवरून. १९५६ मध्ये भारताने बांधून दिलेला त्रिभुवन राजपथ सुरू झाला, तेव्हा कुठे मोटारी आपल्या चाकांवर राजधानीत शिरू लागल्या.

हिमालयापलीकडे चीन आणि तीन बाजूंनी भारत, या अवस्थेला नेपाळ एकत्र करणाऱ्या राजा पृथ्वीनारायण शाहाने अठराव्या शतकातच दोन दगडांमधल्या कंदाची उपमा देऊन ठेवली होती. ‘दुई ढुंगाबीचको तरुल’ हे शब्द नेपाळात शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतात.

सात-आठ वर्षांपूर्वी मी रक्सौलहून पायी वीरगंजला गेलो होतो. सिर्सिया नदीचे काळे, वास मारणारे पाणी, तिच्यावरचा मैत्री पूल, टांग्यांची आणि सायकल-रिक्षांची खेचाखेच, आणि दुतर्फा मालमोटारींची रांग. ना पासपोर्ट, ना व्हिसा. कोणी मला थांबवले नाही आणि पाचशे पावलांत मी परदेशात पोहोचलो. माणसांसाठी जगात क्वचितच एखादी सीमा इतकी मोकळी असेल. मालासाठी ती तशी नाही. एका मालमोटारीच्या सावलीत बसलेला चालक स्टोव्हवर डाळ शिजवत होता. कागदांवरचा एक शिक्का राहिला म्हणून तो तिसरा दिवस तिथे काढत होता. गाडीत काय आहे असे विचारले तर म्हणाला, ‘फरशा.’ तीन दिवसांचे भाडे, बंदरावर परत द्यायच्या कंटेनरवर चढणारा दंड आणि त्या काळात अडकलेल्या भांडवलाचे व्याज, हे सारे मिळून काठमांडूतल्या कोणाच्या तरी न्हाणीघराच्या फरशीवर बसणार होते. भूवेष्टित देशाची महागाई अशी शिक्क्याशिक्क्याने चढते.

त्याच पुलावर २०१५ च्या सप्टेंबरपासून आंदोलक बसले होते. एप्रिलमधल्या भूकंपात सुमारे ९,००० माणसे गेली होती, घरे अजून ताडपत्रीखाली होती. २० सप्टेंबरला नवे संविधान जाहीर झाले, तराईतले मधेशी आणि थारू त्यावर नाराज होते, आणि दोन-चार दिवसांतच भारताकडून येणारे इंधन, गॅस, औषधे सीमेवर अडली. भारत सरकारचे म्हणणे असे की नाकाबंदी नाहीच, पलीकडच्या आंदोलनामुळे चालक गाड्या न्यायला धजत नाहीत. नेपाळ त्याला आजही ‘अघोषित नाकाबंदी’ म्हणतो. ते प्रकरण पुढच्या फेब्रुवारीपर्यंत चालले. आमच्या बागेतला राखणदार तेव्हा रोज संध्याकाळी टेकडीवर जाऊन घरी फोन लावी. घरी चूल लाकडांवर आली होती, बाजारात पेट्रोल दुप्पट-तिप्पट भावाने बाटलीतून विकले जात होते. तो भारतावर चिडला असेल, असे मला वाटले होते. पण त्याचा राग सरळ नव्हता. ऑगस्टमध्ये त्याच्याच जिल्ह्यातल्या टीकापूरमध्ये थारूंच्या आंदोलनात पोलीस मारले गेले होते आणि नंतर थारूंची घरे जळली होती. काठमांडूने आपल्याला मोजले नाही हे त्याला बोचत होते, आणि म्हणून दिल्लीने आपला गॅस अडवावा हेही पटत नव्हते. वर्तमानपत्रांत मात्र दोनच बाजू होत्या.

हा पहिला प्रसंग नव्हता. १९८९ च्या मार्चमध्ये व्यापाराचे आणि पारगमनाचे, म्हणजे भारतातून माल ने-आण करण्याचे, करार संपले, चीनकडून घेतलेल्या शस्त्रांवरून दिल्ली नाराज होती, आणि सीमेवरची दोन सोडून बाकी सारी नाकी वर्षभर बंद राहिली. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी परराष्ट्र धोरणाच्या पुस्तकातल्या तळटीपा आहेत. नेपाळात त्या घराघरातल्या आठवणी आहेत, आणि निवडणुकीत भारताविरुद्ध बोलून मते मिळतात त्याचे मूळ या आठवणींत आहे. आपण रोटी-बेटी व्यवहाराची भाषा करतो आणि ती खोटीही नाही, पण सोयरिकीत ज्याच्या हातात कोठाराची किल्ली असते त्याला नाते जितके गोड वाटते तितके दुसऱ्याला वाटेलच असे नाही.

मग उत्तरेचे दार उघडावे, हे ओघाने आलेच. २०१५ च्या टंचाईत चीनने १३ लाख लिटर इंधन मदत म्हणून दिले, २०१६ मध्ये पारगमनाचा करार झाला, २०१९ च्या पूरक करारात तियानजिन, शेन्झेन, लियानयुनगांग आणि झानजियांग ही चार बंदरे नेपाळला खुली झाली. कागदावर एकाधिकार मोडला. पण तियानजिन नेपाळच्या सीमेपासून ३,००० किलोमीटरहून लांब आहे, आणि मध्ये हिमालय आहे. चीनच्या सीमेवरचे तातोपानीचे नाके भूकंपानंतर बंद पडले ते २०१९ मध्येच उघडले. त्याच सीमेवरचा रसुवागढीचा मैत्री पूल ८ जुलै २०२५ च्या पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर चीनहून आलेल्या गाड्यांचे कंटेनरही. तिबेटमधल्या केरुंग ते काठमांडू रेल्वेचे नाव प्रत्येक दौऱ्यात निघते आणि अभ्यास-पाहणीत मुरते. माझ्या मते उत्तरेच्या या दाराचा नेपाळला खरा उपयोग माल आणण्यासाठी नाही, दिल्लीशी बोलताना ते आहे असे दाखवण्यासाठी आहे, आणि तेवढा उपयोगही क्षुल्लक नाही. २०१५ नंतर भारताची कामे एकदम वेगाने होऊ लागली ती उगाच नव्हे. मोतिहारी ते अमलेखगंज ही ६९ किलोमीटरची तेलवाहिनी अनेक वर्षे फायलीत होती, ती सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाली.

जयनगर ते कुर्था ही जनकपूरवरून जाणारी रेल्वेही एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाली, आणि तिच्यावर धावणाऱ्या दोन डेमू गाड्या पुरवल्या त्या आपल्या कोकण रेल्वेने. रक्सौल-काठमांडू मार्गाचे सर्वेक्षणही कोकण रेल्वेकडेच आले. हे वाचले तेव्हा मला गंमत वाटली, कारण रत्नागिरीकरांना डोंगर, बोगदे आणि दरडी यांच्याबद्दल कोणी शिकवण्याची गरज नाही. काठमांडूची गाडी सुरू व्हायला किती वर्षे लागतील यावर मी पैज लावणार नाही. आमची कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ उजाडले होते.

जमिनीचे एक वेळ समजते, पण आकाशालाही नाके असते हे मला भैरहवाच्या विमानतळाने शिकवले. लुंबिनीला जगभरातून बौद्ध यात्रेकरू थेट उतरावेत म्हणून मे २०२२ मध्ये गौतम बुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. तो सीमेला इतका खेटून आहे की पश्चिमेकडून येणाऱ्या विमानाला भारतीय आकाशातून सरळ आत शिरता आले तरच तो सोयीचा. तशी जास्तीची वाट नेपाळ कित्येक वर्षे मागतो आहे. ती न मिळाल्याने विमाने पूर्वेकडे सिमराच्या बाजूने आत येऊन पुन्हा मागे वळतात, इंधन जाळतात, आणि विमान कंपन्या मग काठमांडूच बरे म्हणतात. पोखऱ्याचा विमानतळ चीनच्या कर्जातून उभा राहून १ जानेवारी २०२३ ला सुरू झाला, त्याचेही आंतरराष्ट्रीयपण पाटीवरच अधिक आहे. कर्जाचे हप्ते मात्र विमानांची वाट पाहत थांबत नाहीत.

नेपाळकडे विकण्याजोगे जे आहे ते पाणी, आणि पाण्याची वीज. फर्पिंगचे छोटे वीजघर १९११ चे आहे. तरीही शंभर वर्षांनंतर काठमांडू हिवाळ्यात दिवसाचे १४-१६ तास अंधारात बसत असे. २०१६ मध्ये कुलमान घिसिंग यांनी वीज प्राधिकरणाची सूत्रे घेतली आणि पुढे भारनियमन संपले. त्यात त्यांच्या शिस्तीचा वाटा होता, तसाच ढल्केबर-मुझफ्फरपूर वाहिनीवरून भारतातून आलेल्या विजेचाही होता. आता पावसाळ्यात नेपाळकडे वीज उरते. जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत १०,००० मेगावॉट वीज घेण्याचा करार भारताने केला. मात्र ज्या प्रकल्पात चिनी पैसा वा चिनी कंत्राटदार असेल त्याची वीज भारत घेत नाही. ४५६ मेगावॉटचा अप्पर तामाकोशी हा नेपाळी जनतेच्या ठेवींतून उभारलेला, देशाचा अभिमान असलेला प्रकल्प, पण बांधकामात चिनी कंत्राटदार होता म्हणून त्याच्या विजेला ही सीमा बंद. जलविद्युतकेंद्रातून तारेत शिरलेल्या विजेला जात नसते. ती तिच्या धरणाच्या कागदांना असते.

बांगलादेशाला वीज विकण्याची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. नेपाळच्या पूर्व टोकापासून बांगलादेश काही किलोमीटरवर, मध्ये सिलिगुडीजवळची भारताची चिंचोळी पट्टी. तिथून थेट तार टाकता आली असती. पण ४० मेगावॉट वीज, म्हणजे एखाद्या मध्यम शहराला पुरेल न पुरेल इतकी, मुझफ्फरपूरला मोजून, भारताच्या जाळ्यातून फिरवून, बहरामपूरहून पलीकडे पोचवण्यासाठी तीन देशांना कित्येक वर्षे बोलावे लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये करार झाला, नोव्हेंबरमध्ये एक दिवसापुरती वीज गेली, आणि मग पुढच्या जूनपासून पावसाळ्यापुरती सुरू झाली. तरीही मला ही ४० मेगावॉटची गोष्ट नेपाळच्या अलीकडच्या इतिहासात फार मोठी वाटते. भारताच्या जमिनीवरून तिसऱ्या देशाला काही विकता येते, हे विजेच्या बाबतीत प्रथमच सिद्ध झाले.

आता पैशाचे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात नेपाळची आयात सुमारे १,८०० अब्ज नेपाळी रुपयांची होती आणि निर्यात २७७ अब्जांची. त्या निर्यातीतही १०० अब्जांहून अधिक वाटा सोयाबीन तेलाचा होता. नेपाळात एवढे सोयाबीन पिकत नाही. कच्चे तेल परदेशातून कोलकात्याला येते, नेपाळात जाऊन शुद्ध होते आणि पुन्हा भारतात येऊन विकले जाते, कारण नेपाळहून येणाऱ्या मालाला भारतात आयातशुल्क नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये भारताने खाद्यतेलावरचे शुल्क वाढवले आणि ही निर्यात फुगली. दिल्लीने एका सहीने शुल्क कमी केले की ती बसते. अशा निर्यातीवर कोणी भविष्य बांधू नये.

खरी निर्यात वेगळीच आहे. त्याच वर्षी परदेशातल्या नेपाळी माणसांनी घरी पाठवलेली रक्कम १,७०० अब्ज रुपयांच्या पुढे होती, म्हणजे जवळजवळ सगळ्या आयातीइतकी. कतार, सौदी, मलेशिया, कोरिया, जपान आणि भारत. त्या पैशातून घरचे लोक तांदूळ, मोबाइल, पत्रे, मोटारसायकली घेतात, तो माल सीमेवरून येतो, त्यावर जकात बसते आणि त्या जकातीतून सरकारच्या महसुलाचा मोठा हिस्सा उभा राहतो. माणूस देशाबाहेर गेला तरच सरकारचा गाडा चालतो, अशी ही रचना आहे, आणि ती मोडण्याची घाई कोणत्याच पक्षाच्या सरकारला का नसावी हे त्यातून समजते. भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, त्यामुळे आमच्या नोटांचे बरेवाईट त्यांच्यापर्यंत पोचते. २०१६ च्या नोटबंदीत नेपाळात अडकलेल्या पाचशे-हजारच्या नोटा बदलून देण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे तडीस गेला नाही. त्यातल्या तीन नोटा आमच्या राखणदाराच्या आईच्या पेटीत आहेत, असे तो सांगतो.

हे सारे आकडे वाचताना मला परकेपणा वाटत नाही, कारण आम्ही कोकणी माणसे दोन-तीन पिढ्या असेच जगलो. गिरणीतला मुलगा किंवा नवरा मनीऑर्डर करी, पोस्टमन ती आणी, आणि गावची शेते बायका-म्हातारे कसत. ‘मनीऑर्डरवर जगणारे कोकण’ हा वाक्प्रचारच झाला होता. आणि आमच्या दारात तर अख्खा अरबी समुद्र होता. समुद्र असूनही रस्ता, वीज, कारखाना आणि निर्णय करणारी माणसे दुसरीकडे असतील तर माणूस बाहेर जातो, हे मी माझ्या घरात पाहिले आहे. म्हणून नेपाळच्या गरिबीचे सगळे खापर भूगोलावर फोडणाऱ्यांशी माझे जुळत नाही. स्वित्झर्लंडलाही समुद्र नाही, असे सांगून नेपाळला शहाणपण शिकवणाऱ्यांशीही जुळत नाही. स्वित्झर्लंडच्या चारी बाजूंना श्रीमंत गिऱ्हाईक आहे. नेपाळच्या दक्षिणेला बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेश आहे, आणि तिथूनही माणसे कामासाठी आमच्याकडेच येतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळ सरकारने २६ समाजमाध्यमे बंद केली. त्या आठवड्यात मिरकरवाड्यात खलाशांची एकच धावपळ होती, कारण घरचा व्हॉट्सॲप लागेना. ज्या देशाची लाखो माणसे बाहेर आहेत तिथे हे बंद करणे म्हणजे पोस्टच बंद करणे, एवढे राज्यकर्त्यांना उमगले नाही. मग कोणीतरी व्हायबर चालू असल्याचे सांगितले आणि जेटीवर सगळ्यांनी ते उतरवून घेतले. ८ आणि ९ तारखेला काठमांडूत तरुण रस्त्यावर आले, गोळीबार झाला, सरकारी कचेऱ्यांचा सिंहदरबार जळला, ७० हून अधिक माणसे गेली, पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला, आणि १२ तारखेला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांनी हंगामी पंतप्रधान म्हणून शपथ घेतली. त्या तरुणांच्या घोषणांत भारत नव्हता, चीनही नव्हता. नेत्यांच्या मुलांची ऐट आणि आपल्या हातातला पासपोर्ट, यांबद्दल ते बोलत होते. दोन दगडांची उपमा ऐकत वाढलेल्या देशात तरुणांनी प्रथमच कंदाला जाब विचारला, असे मला वाटले.

पुढे काय, याचे मला जमेल तेवढे उत्तर असे. २४ नोव्हेंबर २०२६ ही नेपाळने अतिअविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडण्याची ठरलेली तारीख आहे. गालिचे, पश्मिना, तयार कपडे यांना युरोपात मिळणाऱ्या सवलती त्यानंतर हळूहळू जातील. पैशाच्या व्यवहारांवर नीट देखरेख नाही म्हणून फेब्रुवारी २०२५ पासून देश आंतरराष्ट्रीय करड्या यादीत आहे. लिपुलेख खिंडीवरून भारताशी वाद आहेच, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारत-चीन यांनी तिथून पुन्हा व्यापार सुरू करायचे ठरवले तेव्हा दोन्ही दगड एकमेकांशी बोलले आणि नेपाळला निषेधाचा खलिता पाठवावा लागला. दुसऱ्या बाजूला अमेरिकेच्या ५० कोटी डॉलरच्या मदतीतून उच्चदाबाच्या वाहिन्या उभारण्याचे काम आहे, आणि देशात आयात होणाऱ्या नव्या प्रवासी गाड्यांत विजेवरच्या गाड्या बहुसंख्य झाल्या आहेत. २०१५ च्या हिवाळ्यात पेट्रोलसाठी रांगेत उभे राहिलेल्या शहराने आपल्या नदीच्या विजेवर गाडी चालवावी, हे मला कोणत्याही करारापेक्षा मोठे उत्तर वाटते. जी वस्तू बाहेरून आणावीच लागत नाही तिच्यापुरती कडी कोणत्या बाजूला आहे याला अर्थ उरत नाही. अर्थात गाडी स्वतः चीनमधून किंवा भारतातूनच येते.

यंदा मेअखेरीस, बागेचा हंगाम आटोपल्यावर, आमचा राखणदार गावी निघाला. मुंबई, लखनौ, पालिया, गौरीफंटा आणि मग पलीकडे धनगढी. बरोबर सुके बोंबील, दोन पेट्या हापूस आणि बायकोसाठी रत्नागिरीच्या बाजारातून घेतलेला नवाकोरा मिक्सर. त्यांच्याकडे सीमेवरून शंभर नेपाळी रुपयांहून अधिक किमतीची वस्तू आणली की भन्साराचे लोक जकात मागतात, म्हणून खोके त्याने आधीच फेकले होते आणि भांड्यावरचे लेबल नखाने खरवडून काढले होते. तरी समाधान होईना. संध्याकाळी तो मिक्सर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आला आणि माझ्या बायकोला म्हणाला, ‘काकी, ह्याच्यात एकदा ओल्या खोबऱ्याची चटणी वाटून द्या. जरा डाग पडला पायजे. जुना दिसला की सोडतात.’

तिने मिरच्या जरा जास्तच घातल्या.